वाहनाच्या बॅटरीवरील दूरचित्रवाणी संच सुरू न होणे

वाहनाच्या बॅटरीवरील दूरचित्रवाणी संच सुरू न होणे हा ट्रॅक्टर, मालमोटार, खासगी प्रवासी बस, मोटार कॅराव्हॅन तसेच कोपीसारख्या तात्पुरत्या निवाऱ्यात वापरल्या जाणाऱ्या संचांमध्ये वारंवार आढळणारा बिघाड आहे. घरातील संच बंद पडला तर दोष बहुधा संचातच असतो, कारण भिंतीवरील सॉकेटमधील पुरवठा बराचसा स्थिर असतो. वाहनात परिस्थिती याच्या उलट असते. तेथे संच चांगला असूनही बॅटरी, तार, फ्यूज, जोड किंवा इन्व्हर्टर यांपैकी एखादा दुवा कमकुवत झाल्यामुळे तो सुरू होत नाही. म्हणून या बिघाडाचा शोध बॅटरीपासून सुरू करून संचापर्यंत नेला जातो. संच आधी उघडणे ही पद्धत खर्चिक आहे आणि धोकादायकही.

पार्श्वभूमी

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत ग्रामीण महाराष्ट्रात पोहोचलेले अनेक लहान कृष्णधवल संच २३० व्होल्टच्या विजेबरोबरच १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालत. संचाच्या मागील बाजूस त्यासाठी वेगळे सॉकेट असे. रामायण (१९८७-८८) आणि महाभारत (१९८८-९०) या मालिकांच्या वेळी वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून संचाला जोडणे ही खेड्यांत सर्वपरिचित युक्ती होती. पुढे भारनियमनाच्या काळात घरगुती इन्व्हर्टरचा प्रसार झाला आणि घरापुरती ही युक्ती मागे पडली. वाहनांत आणि वीजजोडणी नसलेल्या मुक्कामांवर मात ती आजही टिकून आहे.

नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुका बालाघाटच्या डोंगराळ पट्ट्यात, लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून आहे. येथील शेती मुख्यतः कोरडवाहू असल्याने दसरा-दिवाळीनंतर तालुक्यातील गावे व तांड्यांवरून अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. गळीत हंगाम संपेपर्यंत, म्हणजे चार ते सहा महिने, त्यांचा मुक्काम पाचट, बांबू व ताडपत्रीच्या कोप्यांमध्ये असतो. अशा मुक्कामावर वीज नसेल तर संचाला पुरवठा मिळतो तो उसाच्या वाहतुकीसाठी आलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीतून, सुट्या बॅटरीतून किंवा लहान सौर पॅनेलवरून. युरोप-अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात सहलीसाठी वापरल्या जाणाऱ्या कॅम्पर ट्रेलरमध्ये इंजिनाच्या बॅटरीखेरीज घरगुती उपकरणांसाठी दुसरी बॅटरी बसवलेली असते. ट्रॅक्टरवर अशी सोय नसते. रात्री संच चालवून बॅटरी उतरली तर पहाटे फडावर जाण्यासाठी ट्रॅक्टरच सुरू होत नाही आणि त्या दिवसाची मजुरी जाते. संच न लागणे हे येथे अनेकदा बॅटरी संपत आल्याचे पहिले लक्षण असते.

बॅटरीचा दाब

शिसे-आम्ल प्रकारची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भारित असताना आणि काही तास विनावापर ठेवली असताना सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ व्होल्टला ती साधारण निम्मी उतरलेली असते आणि ११.८ व्होल्टच्या आसपास जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ पर्यंत जातो. त्यामुळे इंजिन चालू असताना संच लागतो आणि बंद केल्यावर लागत नाही, असा अनुभव असल्यास दोष बहुधा बॅटरीत किंवा तारेत असतो.

नुसता दाब मोजणे मात्र पुरेसे नाही. या बिघाडशोधात सर्वाधिक फसगत येथेच होते. जुनी बॅटरी किंवा गंजलेला जोड भार नसताना मल्टिमीटरवर १२.४ व्होल्ट दाखवू शकतो. संचाचे बटण दाबताच तोच आकडा १० व्होल्टच्या खाली घसरतो. म्हणून मोजमाप संच सुरू करण्याचा प्रयत्न चालू असतानाच, आणि शक्यतो संचाच्या टोकाशी, घ्यावे लागते. मल्टिमीटर नसल्यास वाहनाच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब दोन तारा जोडून वापरता येतो. तो सुमारे पावणेदोन अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे जवळपास लहान एलईडी संचाएवढा. संचाच्या पिनेपाशी हा बल्ब लख्ख पेटला तर पुरवठा ठीक आहे. मंद किंवा लालसर पेटला तर तो अपुरा आहे. ऑटो इलेक्ट्रिशियन मंडळी स्वस्त मल्टिमीटरपेक्षा या बल्बवर अधिक विश्वास ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

घरगुती वायरिंगसाठी वापरला जाणारा निऑनचा टेस्टर येथे निरुपयोगी ठरतो. त्यातील दिवा पेटण्यास बॅटरीच्या कितीतरी पट दाब लागतो, त्यामुळे पूर्ण भारित बॅटरीवरही तो पेटत नाही. ‘टेस्टर लागत नाही, म्हणजे करंट नाही’ असा निष्कर्ष काढून चांगली बॅटरी बदलली जाण्याचा संभव असतो.

तार, फ्यूज आणि जोड

बॅटरी ठीक असल्यास पुढील संशयित म्हणजे तार. कमी दाबावर तेवढीच शक्ती पोहोचवण्यासाठी अधिक प्रवाह लागतो आणि प्रवाह वाढला की तारेत वाया जाणारा दाबही वाढतो. ०.७५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०२५ ओहम असतो. ट्रॅक्टर कोपीपासून १० मीटरवर उभा असेल तर जाण्या-येण्याची मिळून २० मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे अर्धा ओहम भरतो. संच व सेट टॉप बॉक्स मिळून ३ अँपिअर घेत असतील तर दीड व्होल्ट तारेतच खर्च होतो. बॅटरीपाशी १२.२ असलेला दाब संचापाशी १०.७ उरतो. अनेक संच याच पातळीच्या आसपास सुरू होण्यास नकार देतात किंवा लाल दिवा लुकलुकून बंद पडतात. तीच तार २.५ चौरस मिलिमीटरची घेतल्यास ही घट अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी राहते.

जोडांपैकी बॅटरीच्या टोकांवर जमणारा पांढरा-निळसर क्षार हा सर्वांत नेहमीचा दोष आहे. तो कोमट पाण्याने व खाण्याच्या सोड्याने स्वच्छ करून टोके घट्ट आवळावी लागतात. स्वच्छ करताना वाहनाच्या सांगाड्याला जोडलेली ऋण टोकाची तार प्रथम काढतात आणि शेवटी बसवतात, म्हणजे पाना सांगाड्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणाऱ्या पिनेच्या टोकाशी बहुधा एक छोटा काचेचा फ्यूज असतो. टोकाची चकती फिरवून तो बाहेर काढता येतो. त्याच्याकडे लक्ष न गेल्याने संच थेट दुरुस्तीच्या दुकानात पोहोचतो.

फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा बसवावा. त्याजागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळण्याची प्रथा घातक आहे. तारांचा थेट संपर्क झाल्यास बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. तार क्षणात लाल होते, आणि वाळलेल्या पाचटाच्या कोपीत त्यानंतर फारसा वेळ हाती राहत नाही. याच कारणासाठी फ्यूज संचाजवळ नव्हे, तर बॅटरीच्या धन टोकाजवळ असणे आवश्यक असते; अन्यथा मधली सर्व तार असुरक्षित राहते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू बाहेर पडतो, म्हणून ती चुलीजवळ किंवा झोपण्याच्या जागी ठेवणे टाळतात.

धन आणि ऋण तारा उलट जोडल्या गेल्यास काही संचांतील संरक्षक डायोडमुळे केवळ फ्यूज उडतो. तशी सोय नसलेल्या संचाचे मंडल जळते.

चोवीस व्होल्टची वाहने

ट्रॅक्टर, जीप व पिकअप यांची विद्युतव्यवस्था १२ व्होल्टची असते. मोठ्या मालमोटारी व बसमध्ये मात्र १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट दाब मिळवलेला असतो. १२ व्होल्टचा संच त्यावर थेट जोडल्यास तो सुरू होत नाही, आणि पुढेही कधी होत नाही. दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून घेणे हा प्रचलित उपाय आहे. त्यावर संच चालतो खरा, पण ती एक बॅटरी रोज अधिक उतरते, दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होते आणि काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात. २४ व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा परिवर्तक बसवणे हाच योग्य मार्ग होय. सौर पॅनेलबाबतही अशीच खबरदारी लागते. ‘१२ व्होल्टचे’ म्हणून विकले जाणारे पॅनेल भार नसताना उन्हात २१ व्होल्टपर्यंत दाब देते, त्यामुळे मध्ये बॅटरी व चार्ज कंट्रोलर असल्याखेरीज त्यावर संच जोडत नाहीत. कंट्रोलर बॅटरी फार उतरल्यावर भाराचे टोक आपोआप बंद करतो. संच अचानक बंद पडला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आपोआप ठीक झाला, तर कारण हेच समजावे.

इन्व्हर्टर

२३० व्होल्टचा नेहमीचा संच वाहनात चालवण्यासाठी इन्व्हर्टर लागतो. ६० वॉटचा संच इन्व्हर्टरमार्फत चालवल्यास बॅटरीतून सुमारे ६ अँपिअर प्रवाह जातो. तीन तासांत १८ अँपिअर-तास. ट्रॅक्टरची बॅटरी साधारणतः ७५ ते १०० अँपिअर-तासांची असते. कागदावर हा वापर किरकोळ दिसतो, परंतु इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली बॅटरी वारंवार खोलवर उतरवण्यास योग्य नसते आणि थंडीच्या पहाटे तिची क्षमताही घटते. बहुतेक इन्व्हर्टर १०.५ व्होल्टच्या आसपास शिटी वाजवून बंद होतात. ही शिटी म्हणजे इन्व्हर्टरचा बिघाड नव्हे. संचाच्या पुरवठा मंडलातील धारित्रे सुरुवातीला क्षणभर मोठा प्रवाह ओढतात, त्यामुळे १०० वॉटचा स्वस्त इन्व्हर्टर ६० वॉटच्या संचालाही कधीकधी दाद देत नाही. इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवला तर १२ व्होल्टची जाड तार आखूड राहते. मात्र लांब जाणारी तार २३० व्होल्टची होते. ती ओल्या जमिनीवरून किंवा पत्र्यावरून नेणे जीवघेणे ठरू शकते.

संचाची तपासणी

पुरवठा निर्दोष ठरल्यानंतरच संचाकडे वळावे. लाल दिवा अजिबात नसेल तर संचाच्या कडेचे किंवा खालचे मुख्य बटण बंद आहे का, हे पाहतात. खडबडीत रस्त्यावर ते दाबले जाण्याचा संभव असतो. लाल दिवा आहे पण रिमोटला प्रतिसाद नाही, अशा वेळी रिमोटचे टोक मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबतात. पडद्यावर जांभळट उजेड दिसला तर रिमोट चालू आहे. आवाज येतो पण पडदा काळा आहे, असे असल्यास अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारतात. पुसट हलती आकृती दिसली तर पडद्यामागील एलईडी पट्टी गेलेली असते. पडदा व मुख्य मंडल शाबूत असतात. ही पट्टी बदलता येते आणि ती पडद्याच्या मानाने बरीच स्वस्त असते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद वाहनातील तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच वाढते, तर अनेक संचांसाठी ४० अंश सेल्सिअस ही कार्यमर्यादा दिलेली असते. तापलेला संच तासभर सावलीत ठेवून पाहणे इष्ट. डिसेंबरच्या पहाटे उलट अडचण येते: दवामुळे आत ओल धरते, आणि ती वाळण्यापूर्वी संच सुरू करणे हानिकारक असते. धक्क्यांमुळे डाग दिलेले जोड निखळणे हाही वाहनातील संचांचा खास रोग आहे. हलके थोपटल्यावर संच सुरू झाला तर तसा संशय घेतात.

संच घरच्या घरी उघडणे टाळावे. २३० व्होल्टच्या संचातील मुख्य धारित्रावर सुमारे ३२५ व्होल्ट दाब असतो आणि पिन काढल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. जुन्या काचनळीच्या संचात हाच धोका हजारो व्होल्टचा असतो.

पडद्यावर ‘नो सिग्नल’ असा संदेश असेल तर संच सुरूच आहे; दोष सेट टॉप बॉक्स किंवा डिशचा आहे. डीडी फ्री डिशसाठी वापरला जाणारा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. मुखेडहून त्याकडे पाहणारी डिश आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर रोखलेली असते. मुक्काम पश्चिमेकडे हलला की उपग्रह किंचित खाली व पूर्वेकडे सरकतो, त्यामुळे प्रत्येक मुक्कामावर डिश नव्याने जुळवावी लागते. डिशवरील एलएनबीला वीज सेट टॉप बॉक्सकडूनच मिळते. बॉक्सचा पुरवठा कमी पडला तर डिश कितीही फिरवली तरी सिग्नल येत नाही.

संच दुरुस्तीला देताना अडॅप्टर, पुरवठ्याची तार आणि लायटरची पिन सोबत नेतात. दुकानातील स्थिर पुरवठ्यावर संच लगेच सुरू झाला, तर तपासणी पुन्हा बॅटरी व तारेकडेच वळते.