रोजच्या गोळ्या : विमा की सवलत?

गेल्या वर्षी आई नाशिकहून आमच्याकडे आली ती दोन महिन्यांच्या बोलीवर. येताना रक्तदाबाच्या गोळ्या बरोबर साठ दिवसांच्या मोजून आणल्या होत्या. नातवाच्या आग्रहाने मुक्काम महिनाभर लांबला आणि गोळ्या संपल्या. घराजवळच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासले, गोळ्या तिथेच पुडीत घालून दिल्या. बिल पाहून मी मनात म्हटले, असू दे, कंपनीचा विमा आहे! दहाएक दिवसांनी विम्याकडून उत्तर आले की आई-वडील या पॉलिसीत नाहीत, आणि असते तरी जुन्या आजाराची औषधे त्यातून वगळलेली आहेत. चूक माझीच. सात वर्षे त्या नोकरीत असून पॉलिसीचे ते पान मी उघडले नव्हते.

पैसे गेले त्याचे एवढे काही नाही. पण बिल टेबलावरच पडले होते, ते आईने वाचले आणि मनातल्या मनात त्याचे रुपये केले. पुढच्या आठवड्यात सौ.ने घरच्या यंत्रावर तिचा रक्तदाब पाहिला तर वरचा आकडा १७० च्या पुढे. खोदून विचारल्यावर म्हणाली, "अरे, एवढ्या महागाच्या गोळ्या! एक दिवसाआड घेतल्या की जाईपर्यंत पुरतील."

मंडळातल्या चार घरी हा किस्सा सांगितला, तर तिघांकडे थोड्याफार फरकाने तेच निघाले. म्हणून हा लेखनप्रपंच. मी व्यवसायाने संगणकवाला, डॉक्टर नव्हे. कोणती गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. ती कुठून आणि कशी घेतली तर खिशाला परवडेल, एवढ्यापुरताच हा लेख.

पहिला गोंधळ 'विमा' या शब्दाचा. विमा असतो तो अवचित येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी. शंभर जणांनी थोडे थोडे भरायचे आणि ज्या एक-दोघांवर संकट येईल त्यांचे भागवायचे. रोजची रक्तदाबाची गोळी हे संकट नाही, तो दुधाच्या रतीबासारखा ठरलेला खर्च आहे. तो विम्यात घातला तर तेवढाच, किंबहुना थोडा जास्तच, हप्त्यातून आपल्याकडून वसूल होतो. म्हणून नोकरीतल्या बहुतेक पॉलिसींत दवाखान्याच्या खर्चाला दर भेटीची मर्यादा असते आणि मधुमेह-रक्तदाबाची दीर्घकाळची औषधे एक तर वगळलेली असतात किंवा वर्षाच्या ठरावीक रकमेपुरतीच दिली जातात. सिंगापूरचा सरकारी मेडिशील्ड लाईफ विमा (सुरू झाला नोव्हेंबर २०१५ मध्ये, नागरिक व पी. आर. सर्वांना सक्तीचा) हाही इस्पितळाच्या मोठ्या बिलांसाठी, आणि दवाखान्यातल्या उपचारांपैकी डायलिसिस, केमोथेरपी अशा मोजक्या महागड्या गोष्टींसाठी आहे. कर्करोगाच्या औषधांसाठी सप्टेंबर २०२२ पासून त्यात मान्य औषधांची स्वतंत्र यादी आहे. तिथे विमा हवाच, आणि त्यात काटकसर करू नये. अॅम्लोडिपीनच्या गोळीसाठी मात्र त्याच्याकडे पाहण्यात अर्थ नाही.

इथे आपल्यापैकी कोणाला काय लागू पडते हे मुख्यतः पासावर ठरते, आणि नेमकी तिथेच आपली माणसे एकमेकांच्या अनुभवावर विसंबून फसतात. शेजारच्या काकूंना पॉलिक्लिनिकात स्वस्त पडले म्हणून आपल्यालाही पडेल असे नाही. काकू नागरिक असतील. नागरिकांना पॉलिक्लिनिकात मानक यादीतल्या औषधांवर निम्मी किंवा उत्पन्नानुसार त्याहून जास्त सवलत असते. खाजगी दवाखान्यांसाठी 'चास' कार्ड आहे. २०१२ साली ते कमी उत्पन्नाच्या घरांसाठी आले आणि नोव्हेंबर २०१९ पासून, हिरव्या कार्डाच्या रूपाने, उत्पन्न कितीही असो, सर्व नागरिकांना खुले झाले. जुन्या आजारांसाठी त्याचा उपयोग होतो. आपल्यातल्या बऱ्याच नागरिक झालेल्या कुटुंबांना वाटते की हे गरिबांचे कार्ड. त्यांनी एकदा अर्ज करून पाहावा.

पी. आर. असाल तर चास नाही. पॉलिक्लिनिकात सवलत आहे, पण नागरिकांपेक्षा कमी. मात्र आपल्याकडे मेडिसेव्ह आहे, आणि त्याचा हा उपयोग अनेकांना ठाऊकच नसतो. १९८४ साली सुरू झालेली ही बचत आपण इस्पितळासाठी राखून ठेवतो. परंतु २००६ पासून मधुमेहाच्या, आणि लगेच पुढे रक्तदाब, कोलेस्टेरॉल अशा जुन्या आजारांच्या दवाखान्यातल्या खर्चालाही ती वापरता येते. २०२१ मध्ये त्याची वार्षिक मर्यादा साध्या आजाराला ५०० आणि गुंतागुंतीच्या आजाराला ७०० डॉलर ठरली. मर्यादा बदलत राहतात, म्हणून चालू आकडा दवाखान्यातच विचारावा. बिलाचे १५ टक्के रोखीने भरावे लागतात. 'हेल्दियर एसजी' योजनेत (जुलै २०२३ पासून, वय ४० व पुढचे नागरिक आणि पी. आर.) नाव नोंदवले असेल तर निवडलेल्या दवाखान्यात ही रोख अटही सुटते. दवाखाना मात्र या योजनेत सामील असला पाहिजे, आणि हा प्रश्न आत शिरतानाच विचारायचा, बिल हातात आल्यावर नव्हे. आणखी एक गोष्ट म्हणजे मेडिसेव्ह जोडीदार, मुले आणि आई-वडील यांच्यासाठी वापरता येते. भावंडे व आजी-आजोबा यांना नागरिक वा पी. आर. असण्याची अट आहे, आई-वडिलांना ती नाही. मला हे बिल भरून झाल्यावर कळले!

एम्प्लॉयमेंट पासवाल्यांना सी. पी. एफ. नाही, म्हणजे मेडिसेव्हही नाही. वर्क परमिट आणि एस पासवाल्यांसाठी मालकाने वैद्यकीय विमा काढणे कायद्याने सक्तीचे आहे (जुलै २०२३ पासून वर्षाला किमान ६०,००० डॉलरचा), पण तो इस्पितळात दाखल होण्यासाठी आणि डे सर्जरीसाठी. एम्प्लॉयमेंट पासवाल्यांना तशी सक्तीही नाही, कंपनी देईल ते खरे. तेव्हा या मंडळींचा, आणि भेटीला आलेल्या आई-वडिलांचा, सगळा खेळ औषधाच्या भावावर येऊन ठेपतो.

आता लिटिल इंडियाची गोष्ट. रविवारी भाजीसाठी टेक्का मार्केटला जायचेच होते, तेव्हा आईची रिकामी पाकिटे आणि नाशिकच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सय्यद अल्वी रोडवरच्या मुस्तफा सेंटरमध्ये गेलो. १९९५ पासून ते तिथे आहे. पापडापासून पेटीपर्यंत सगळे मिळते तसा औषधांचाही विभाग आहे. मला वाटले, भारतीय दुकान, भारतीय चिठ्ठी, काम होईल. काउंटरवरच्या बाईंनी हसून नकार दिला. डॉक्टरी चिठ्ठीची औषधे देण्यासाठी चिठ्ठी इथे नोंदणी असलेल्या डॉक्टरची लागते. पण त्यांनी पाकिटावरचे ठळक नाव सोडून खालची बारीक अक्षरे मला वाचायला लावली. आई ज्याला 'तेल्मा' म्हणते ते टेल्मिसार्टन. 'ग्लायकोमेट' म्हणजे मेटफॉर्मिन. 'स्टॅम्लो' म्हणजे अॅम्लोडिपीन. ही मूळ नावे जगभर तीच असतात, आणि भाव विचारायचा तो या नावाने. दवाखान्यातून आम्हाला दिलेले औषध मूळ संशोधक कंपनीच्या ब्रँडचे होते. पेटंट संपल्यावर इतर कंपन्यांनी काढलेले, तेच रसायन असलेले औषध म्हणजे जेनेरिक. ते इथे विकण्याआधी हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटीकडे त्याची नोंदणी व्हावी लागते. सोमवारी त्याच डॉक्टरांना फोन करून मूळ नावाने चिठ्ठी मागितली. त्यांनी खळखळ न करता दिली. तीस गोळ्या मला पहिल्या बिलातल्या औषधाच्या निम्म्याहून कमी किमतीत पडल्या. प्रत्येकाला एवढा फरक पडेल असे नाही, आणि काही दवाखाने नुसत्या चिठ्ठीची वेगळी फी लावतात, ती हिशेबात धरावी.

फरक क्षुल्लक वाटतो, पण गोळी रोजची आहे. समजा एक गोळी एक डॉलरची आणि दुसरी ४० सेंटची. वर्षाला २१९ डॉलर वाचतात. घरात दोघे, आणि प्रत्येकाच्या दोन गोळ्या, म्हणजे ८७६ डॉलर. नाशिकच्या परतीच्या तिकिटाची बरीचशी सोय झाली की! दुकानांच्या सभासद-कार्डांवर मात्र फार भिस्त ठेवू नये. शांपूवर मिळणारी सूट चिठ्ठीच्या औषधावर असतेच असे नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला हे सांगितले तर तो म्हणाला, आमच्याकडे तर विम्याने घेतलेले औषध कधी कधी विम्याशिवाय घेतलेल्यापेक्षा महाग पडते. ते खरे आहे. वॉलमार्टने २००६ मध्ये बरीच जेनेरिक औषधे महिन्याला चार डॉलरला द्यायला सुरुवात केली. शिवाय तिथे गुडआरएक्ससारखी सवलत-कूपने आहेत. त्यामुळे विम्याचा ठरलेला हिस्सा भरण्यापेक्षा रोखीने घेणे स्वस्त पडू शकते. हे गिऱ्हाइकाला सांगू नये अशी बंधने काही करारांतून फार्मासिस्टवर असत. २०१८ च्या कायद्याने ती काढावी लागली. मात्र अशी रोखीची खरेदी विम्याच्या वार्षिक वजावटीत सहसा धरली जात नाही, हे तिकडच्या नातेवाईकांना आठवणीने सांगा.

भारतातून औषधे आणणे हा आपल्याकडचा रूढ मार्ग. तो कायदेशीर आहे, पण स्वतःच्या वापरापुरता आणि तीन महिन्यांच्या साठ्यापर्यंतच. शेजाऱ्यांसाठी दोन डबे आणणे यात बसत नाही. काही झोपेच्या गोळ्या, तीव्र वेदनाशामके आणि कोडीन असलेली काही औषधे यांना येण्याआधी परवानगी घ्यावी लागते, मग ती नाशिकला कितीही सहज मिळोत. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात, डबीत काढू नयेत. तिकडे २००८ पासून जनऔषधी केंद्रे निघाली आहेत, तिथे मूळ नावाची औषधे ब्रँडच्या मानाने बरीच स्वस्त मिळतात. आई पूर्वी तिथे जायला तयार नसे. "स्वस्त म्हणजे कसले औषध असेल," हा तिचा युक्तिवाद. तिच्या डॉक्टरांनीच चिठ्ठीवर मूळ नाव लिहून दिले तेव्हा गेली. एक गोष्ट सांभाळावी लागते. भारतात दोन-तीन औषधे एकाच गोळीत मिळतात, तशा सगळ्या जोडगोळ्या इथे मिळतीलच असे नाही. डॉक्टर मग त्या वेगवेगळ्या लिहून देतात. जुनी जोडगोळी आणि नवी सुटी गोळी दोन्ही चालू राहिल्या तर एकच औषध दुप्पट पोटात जाते.

आईचा रक्तदाब रोजची गोळी सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत ताळ्यावर आला. जाताना मी तिच्या पर्समध्ये एक कार्ड ठेवले आहे. त्यावर औषधाचे मूळ नाव, मात्रा मिलिग्रॅममध्ये आणि वेळ, सगळे मराठीत आणि इंग्रजीत. यंदा दिवाळीला ती पुन्हा येते आहे, नव्वद दिवसांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची ताजी चिठ्ठी घेऊन. कंपनीच्या पॉलिसीचे ते पानही मी छापून फ्रिजवर लावले आहे. सौ. म्हणते, तिथे आता चुंबकाला जागा उरली नाही.