अर्ध्या मिनिटाचा हिशेब

अहिल्यानगरला सावेडीत भाजी घेताना, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला, नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा वांग्यांसमोर उभा राहून तोंडी हिशेब करत होता. पाव किलोला वीस, मग सव्वा किलोला किती? भाजीवाल्या मावशी उत्तर सांगायला निघाल्या, तेवढ्यात मुलाच्या आईनं हातानंच त्यांना थांबवलं. मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, तरी तिचा हात खाली आला नाही. "शंभर," मुलगा म्हणाला. मग तिनं पैसे दिले. आज शाळेला सुट्टी का, असं मी सहज विचारलं. "आमची शाळा घरीच असते," ती म्हणाली. "बघायची असेल तर या."

मी गेले. होमस्कूलिंगविषयी बरंच वाचलं होतं. पण गेले ती त्या थांबवणाऱ्या हातासाठी.

घर मराठी ख्रिस्ती कुटुंबाचं आहे. वडील एमआयडीसीतल्या कारखान्यात पाळीवर. आई एका रुग्णालयात नर्स होती, वर्षभरापूर्वी नोकरी सोडली. मुलगा तिसरीपर्यंत शाळेत गेलेला. धाकटी सहा वर्षांची, ती शाळेत गेलीच नाही. आणि आजी, वडिलांची आई, मिशनच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मुलाला शाळेतून काढायला घरात सगळ्यांत मोठा विरोध त्यांचाच होता.

सकाळी सातला कौटुंबिक भक्ती असते. एक गीत, शास्त्रपाठ, प्रार्थना. मी गेले त्या दिवशी लूकच्या पंधराव्या अध्यायातली हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती आणि वाचायची पाळी मुलाची होती. 'नव्याण्णव' या शब्दाशी तो अडला. 'नव्या' म्हणाला आणि थांबला. धाकटीला शब्द येत होता. तिनं तोंड उघडलं, आईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. आजींचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला ऐकू येत होता. मुलगा बोटानं अक्षर दाबून बसला होता, कपाळाला आठ्या. पुन्हा 'नव्या'. पुन्हा थांबला. मग 'नव्याण्णव' असं सलग म्हणाला आणि पुढचं वाक्य घडाघडा वाचून गेला. कुणी शाबासकी दिली नाही. प्रार्थना झाली, चहा आला.

शाळेत तो मोठ्यानं वाचायचा नाही. दुसरीत असताना जोडाक्षरावर अडला की वर्ग हसायचा. मग त्यानं उभं राहणंच सोडलं. प्रगतिपुस्तकावर 'वाचन कच्चे' असा शेरा सलग दोन वर्षं आला. आई सांगते की नोकरी सोडायचा विचार त्या शेऱ्यानं आला आणि धीर वचनानं आला. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात आईबापांनी घरी बसता, वाटेनं चालता मुलांना शिकवावं अशी आज्ञा आहे. जगभरची ख्रिस्ती कुटुंबं घरच्या शिक्षणासाठी याच अध्यायाचा आधार घेतात. तिच्याबाबतीत दोन्ही कारणं एकमेकांत इतकी मिसळली आहेत की वेगळी काढता येत नाहीत. मीही तसा प्रयत्न केला नाही.

चहा पिताना आजींनी एक आकडा सांगितला. "पस्तीस मिनिटांचा तास असायचा आणि वर्गात साठ-पासष्ट पोरं. कर भागाकार. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं मिनिट. तेही फळा पुसायचा वेळ धरला नाही तर." हे त्या तक्रारीच्या सुरात सांगत नव्हत्या. आयुष्यभर ते अर्धं मिनिट जपून वाटलेल्या बाई होत्या त्या. वही तपासताना मूल जवळ आलं की तेवढ्यात त्याच्या डोळ्यांत बघायचं, असा त्यांचा नेम होता. पण एका 'नव्याण्णव'वर सकाळी किती वेळ गेला ते त्यांनीही पाहिलं होतं. "वर्गात हे मला जमलं नसतं, ताई," त्या म्हणाल्या. "नव्याण्णव सोडून एकाच्या मागे जायला माझ्याकडे वेळच नव्हता."

सुरुवात मात्र अशी झाली नाही. दाखला हातात आल्यावर आईनं घरातच शाळा भरवली. वेळापत्रक भिंतीवर, तासाची घंटा मोबाइलवर, गणवेश नव्हता एवढंच. मराठी, गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, चाळीस-चाळीस मिनिटं. दोन महिन्यांत मुलगा पोटदुखीची तक्रार करू लागला. त्याच काळात टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका नातेवाइकांनी पुस्तकांचं खोकं पाठवलं. अमेरिकेत घरच्या शिक्षणाची चळवळ मोठी आहे. १९७० च्या दशकात रेमंड आणि डोरोथी मूर या ॲडव्हेंटिस्ट जोडप्यानं मुलांना फार लवकर वर्गात बसवू नये असा आग्रह धरला, १९८३ मध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांची बाजू न्यायालयात लढवणारी संघटना निघाली आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत घरी शिकवणं कायदेशीर झालं. त्यामुळे तिथे ख्रिस्ती घरांसाठी छापलेल्या पाठ्यपुस्तकांची मोठी बाजारपेठ आहे. खोक्यातली पुस्तकं देखणी होती. पण त्यांत बर्फ होता, डाइम आणि क्वार्टर होते, फूट आणि पौंड होते. सावेडीच्या मुलाच्या रोजच्या जगण्यातलं त्यांत काही नव्हतं. ती आता कपाटावर आहेत.

पोटदुखी थांबावी म्हणून आईनं सगळंच बंद केलं. पावसाळाभर फक्त मोठ्यानं वाचून दाखवणं, स्वयंपाकात मदत, बाजार आणि आजीबरोबर परसबाग. घरच्या शिक्षणात मुरलेली कुटुंबं नवख्यांना हेच सांगतात, की शाळा अंगातून उतरायला वेळ द्या. आईला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ते मुलाच्या पोटदुखीवरून ओळखलं. नर्सचं काम केलेल्या बाईची नजर असावी ती. दिवाळीनंतर पुस्तकं पुन्हा निघाली, पण आता बालभारतीची, पीडीएफ उतरवून घेतलेली. तास नाहीत. सकाळी भक्तीनंतर वाचन आणि गणित, मग लेखन; दुपारी प्रत्येकाला जे करावंसं वाटेल ते. दुसरी पाळी असली की सकाळचं गणित वडील घेतात, स्क्रू, नट आणि व्हर्निअर कॅलिपर टेबलावर मांडून. अपूर्णांक त्या घरात मिलिमीटरमध्ये शिकले जातात.

पाटीही परत आली आहे. आजींनी ट्रंकेतून काढलेली, लाकडी चौकटीची. मुलगा जोडाक्षरं तिच्यावरच गिरवतो, कारण चुकलेलं तिथे उरत नाही. ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीचा वास खोलीभर पसरला आणि मी लिहायची थांबले. वहीतल्या लाल फुल्या पाहून गप्प होणाऱ्या मुलासाठी पुसली जाणारी पाटी निवडणं, हे शिक्षणशास्त्रच आहे, आणि ते विरोधात असलेल्या आजींना सुचलं.

एक प्रश्न मला विचारायचाच होता. परदेशातली अनेक ख्रिस्ती पाठ्यपुस्तकं उत्क्रांती नाकारतात आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षं धरतात. या मुलांना काय शिकवणार? आईनं सरळ उत्तर दिलं. "परमेश्वरानं निर्माण केलं, हे मी शिकवणार. कसं घडत गेलं, ते विज्ञानाच्या पुस्तकात आहे, तेही शिकवणार. पाळकसाहेबांना हे पटत नाही. त्यांना मी सांगितलं, माझ्या मुलाला उद्या डॉक्टर व्हायचं असेल तर त्याला दोन्ही ठाऊक पाहिजे." उत्क्रांतीचा भाग एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून काढला गेला आणि २०२३ मध्ये त्यावर देशभर वाद झाला, हेही तिला माहीत होतं. तिच्या उत्तरावर माझा विश्वास बसला. पण हे उत्तर तिचं आहे. दुसऱ्या घरात दुसरं असू शकतं आणि तिथे वर्गातल्या दुसऱ्या बाई नसतात, पुढच्या बाकावरचं निराळ्या घरातलं मूल नसतं. घरच्या शाळेची मला वाटणारी खरी भीती हीच आहे. एकाच घराचं मत मुलाच्या भोवती भिंतीसारखं उभं राहता कामा नये, मग ते घर कुठल्याही धर्माचं असो.

आजींशी घर की शाळा या मुद्द्यावर बोलणं रंगलं. त्यांनी पंडिता रमाबाईंचं नाव काढलं. रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या? आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकवलं, तीर्थयात्रेच्या वाटेवर, मुक्कामाच्या जागी. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना 'सरस्वती' म्हटलं ते त्याच शिक्षणावर. लक्ष्मीबाई टिळकांनाही अक्षरं लग्नानंतर घरात नवऱ्याकडून मिळाली आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली. मराठी ख्रिस्ती समाजाच्या दोन सर्वांत थोर स्त्रिया घरी शिकलेल्या आहेत, हे आजींचं म्हणणं खरंच आहे. पण पुढचंही तेवढंच खरं आहे. याच रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि नंतर दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभारलं, कारण ज्या मुलींच्या घरात त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं त्यांना घराबाहेरची जागाच तारणार होती. आणि याच नगरमध्ये अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शाळा चालवल्या. घर शिकवू शकतं ते शिकवणारं माणूस घरात असेल तर. आजींनी मान हलवली. "म्हणून मी शाळेच्या विरुद्ध एक शब्द बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "पण या पोराला ते अर्धं मिनिट पुरत नव्हतं."

कायद्याची बाजू आईनं नीट समजून घेतली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्यात घरच्या शाळेचा उल्लेख नाही. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणं हे कलम १० नुसार पालकांचं कर्तव्य आहे, मात्र ते न करणाऱ्या पालकाला कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही. म्हणजे जमीन पक्की नाही, आणि ते मनाशी मान्य करूनच सुरुवात करावी लागते. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला दोन शिक्षक दारात आले तेव्हा आईनं त्यांना आत बोलावलं, वह्या दाखवल्या, मुलाकडून वाचून घेतलं. त्यासाठीच ती रोज रात्री एका रजिस्टरमध्ये नोंद करते: काय वाचलं, कुठे अडलं, काय विचारलं. पुढची वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एनआयओएसची. त्यांच्या मुक्त बेसिक शिक्षणाचे ए, बी, सी हे स्तर तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे असतात. दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात आणि नोंदणी पाच वर्षं टिकते, तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. बाहेरून परीक्षेला बसण्यासाठी राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्मही आहेच.

खेळाला मुलं संध्याकाळी कॉलनीतल्या मैदानावर जातात, रविवारी संडे स्कूलला. शनिवारी दोन घरं सोडून राहणारी, शाळेत जाणारी चार मुलं इथे गोष्टी ऐकायला येतात. त्यांतली तीन हिंदू, एक मुसलमान. ही शनिवारची बैठक त्या घरातली मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटली. ती बंद पडू देऊ नका, असं मी निघताना आईला दोनदा म्हणाले.

आणि ती आई. घरची शाळा म्हणताना आपण तिचं नाव घेत नाही. घरात येणारा पैसा निम्म्यावर आला, ओळखीच्या बायका 'आता घरीच असतेस ना' म्हणून कामं सांगतात, नर्सिंगमधल्या मैत्रिणी वरच्या पदावर गेल्या. "मला आजारी पडायची सोय नाही," ती म्हणाली. डोळ्यांखाली काळं आलेलं होतं. पुन्हा तोच शब्द अडल्यावर गप्प बसायला किती ताकद लागते ते मी तिच्या बोटांवर पाहिलं. ओढणीचं टोक ती पिळत होती. ज्या घरात हे सगळं एकट्या बाईवर पडेल आणि नवरा सकाळचं गणितही घेणार नसेल, त्या घरानं हा मार्ग धरू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. श्रद्धा कितीही दृढ असली तरी.

या मुलासाठी मात्र निर्णय योग्य ठरला. तो मोठ्यानं वाचतो.

तुमच्या मनात असा विचार असेल तर आधी पुस्तकं मागवू नका आणि दाखला काढायला धावू नका. महिनाभर रोज संध्याकाळी मुलाजवळ बसा, त्याला वाचायला सांगा, आणि ते अडलं की तोंड मिटून थांबता येतं का ते स्वतःचं बघा. घरातला दुसरा माणूस किती वेळ देणार ते आजच बोलून घ्या. अशी शाळा चालवणारं एखादं घर पाहून या. शक्य तर आपल्यापेक्षा वेगळ्या श्रद्धेचं पाहा. सुरुवात केलीत तर पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवा. आणि जमलं नाही तर परत फिरायला लाजू नका: शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ४ नुसार मधल्या काळात शाळेत नसलेल्या मुलालाही त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळतो.