पट्टी चांगल्या डोळ्याला

मदतनीस मुलगी हातात प्लास्टिकचं बदक धरून बसली आहे. समोर आईच्या मांडीवर चार वर्षांची पोर. डॉक्टरबाई दांडीचा काळा पडदा तिच्या उजव्या डोळ्यासमोर धरतात. इतका वेळ नाकाकडं वळलेला डावा डोळा सरकन बाहेर येतो आणि बदक शोधायला लागतो. नीट सापडत नाही. पोरगी मान वेडीवाकडी करते, पडदा ढकलते, रडायच्या बेतात येते. "काढ की ते!" बाईंनी आईला बघायला सांगितलं होतं ते एवढंच. उजवा डोळा झाकला की हिला राग येतो, डावा झाकला तर खुशाल बदकाशी बोलत बसते.

मग लोलकांची पट्टी निघते. एकावर एक बसवलेले काचेचे तुकडे, प्रत्येक वरच्यापेक्षा थोडा जाड. पट्टी एका डोळ्यासमोर वर वर सरकवत पडदा इकडून तिकडं हलवायचा, आणि डोळ्याची उडी ज्या लोलकाला थांबते तो आकडा लिहायचा. लांबचं बघताना एकदा, जवळचं बघताना एकदा. चष्म्याशिवाय 40, चष्मा लावून 10. या दोन आकड्यांमधल्या फरकानं या घरावरचं ऑपरेशन टळलं.

शहापुरातला हा दवाखाना गल्लीच्या तोंडाशी आहे. शहापूर म्हणजे एके काळचं सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानातलं गाव, आज बेळगावचाच भाग. इथं सराफ आणि विणकर, दोन्ही डोळ्यांवर पोट असलेली माणसं. आठवड्यातून एक दिवस तिरळेपणाचे पेशंट बघतात, तेव्हा बाकावर चंदगडची, खानापूरची, निपाणीकडची माणसं असतात. बाई मराठीतून कन्नडमध्ये आणि कन्नडमधून कोकणीत वाक्याच्या मध्येच जातात. लहान मुलांसाठी भिंतीवर अक्षरांचा तक्ता नाहीच. सफरचंद, घर, गोल आणि चौकोन एवढी चारच चित्रं. अक्षर न येणाऱ्या पोरांसाठी ती सोय आहे, पण सीमाभागात पहिली ओळ कुठल्या लिपीत लिहायची हा वाद ज्याला घालावा लागत नाही असा हा बहुधा एकमेव तक्ता असावा.

डोळा फिरवायला प्रत्येकी सहा स्नायू आणि त्यांना हुकूम देणाऱ्या तीन नसा. बारा स्नायूंनी एकत्र चालून दोन्ही डोळे एकाच जागी रोखले, तरच मेंदूला दोन चित्रांचं एक करता येतं आणि वस्तू किती लांब आहे ते कळतं. एक डोळा भलतीकडं गेला की चित्रं दोन होतात. इथं मूल आणि मोठा माणूस यांच्या वाटा फुटतात. लहान मुलाचा मेंदू अजून घडत असतो, तो त्या वाकड्या डोळ्याचं चित्र सरळ बंद करून टाकतो. त्रास संपला. पण ते चित्र वर्षानुवर्षं बंद राहिलं की डोळा निरोगी असूनही त्याची नजर वाढत नाही. याला आळशी डोळा म्हणतात, आणि आळशी मुळात डोळा नव्हेच. ह्यूबेल आणि वीझल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवून मेंदूत काय होतं ते दाखवलं. 1981 चं नोबेल त्यांना दृष्टीवरच्या कामासाठीच मिळालं. पिल्लांना जे आठवडे, ते माणसाच्या पोराला पहिली सात-आठ वर्षं.

आणि नेमकी हीच वर्षं आपल्याकडं "मोठी झाल्यावर बघू" यात जातात. तिरळं लेकरू नशिबवान असतं असं सांगणारी एक तरी आजी प्रत्येक घरात असतेच. जन्मानंतर तीन-चार महिने डोळे अधूनमधून सैरभैर होतात, हे खरं. नाकाचा बुडखा बसका असेल तर सरळ डोळेही वाकडे भासतात. त्याला बाई बॅटरी दाखवतात. दोन्ही बुबुळांवर उजेडाचा ठिपका एकाच जागी पडला तर पोराला पेढा द्या आणि घरी जा. पण चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल तर थांबायचं नाही. आणि मोबाइलच्या फोटोत एका बाहुलीत लाल चमक आणि दुसऱ्या बाहुलीत पांढरी दिसली तर दुसऱ्या दिवसाचीसुद्धा वाट बघायची नाही. डोळ्यातला कॅन्सर कधी कधी तिरळेपणाचंच रूप घेऊन येतो.

बदकवाल्या पोरीचं दुखणं साधं निघालं. तिला प्लसचा मोठा नंबर आहे. स्पष्ट दिसायला ती जोर लावते, आणि जोर लावला की डोळे आत वळतात, ही शरीराची जोडगोळीच आहे. हा नंबर नुसता विचारून कळत नाही. घरी तीन दिवस अॅट्रोपिनचा मलम घालून जोर लावणारा स्नायूच झोपवायचा आणि मग मोजायचं. चष्मा लागला, डोळे जवळजवळ सरळ झाले. तरी आईची तक्रार आहेच: "चष्मा काढला की पहिल्यापेक्षा जास्त वाकडं दिसूलालंय मॅडम. चष्म्यानंच बिघडलं काय?"

"बिघडलं नाही ताई. आता सरळ बघायची सवय झालीय तुम्हाला, म्हणून वाकडं डोळ्यात भरतं. झोपताना आणि आंघोळीला काढायचा, बाकी नाही."

खरं काम त्यानंतरचं. डाव्या डोळ्याची नजर वाढवायला उजव्या, म्हणजे चांगल्या डोळ्याला पट्टी. सासूबाईंना हे कधीच पटत नाही; दुखणं एकीकडं आणि औषध दुसरीकडं. युक्ती मात्र जुनी आहे, फ्रान्समधल्या ब्यूफाँनं 1743 मध्येच ती मांडली होती. पट्टी चष्म्याच्या काचेवर चिकटवली तर पोरं वरून डोकावतात, म्हणून ती कातडीलाच हवी. पूर्वी दिवसभर बांधून ठेवायचे. 2003 साली अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या मुलांवर पडताळा घेतला, तेव्हा मध्यम आळशीपणाला रोज दोन तास आणि सहा तास यांचा गुण चार महिन्यांनी सारखाच आला. पण ते दोन तास वाया जाऊ द्यायचे नाहीत. या आईनं पोरीला मणी ओवायला बसवलं, ते पसरायला लागले तेव्हा शेंगा सोलायला दिल्या. महिन्याभरानं सफरचंदाच्या आणखी दोन ओळी खाली वाचल्या गेल्या. दवाखान्याचा यातला वाटा वीस मिनिटांचा. बाकीचं स्वयंपाकघरात झालं, आणि त्याची पावती कुठंच फाडली जात नाही.

ऑपरेशन लागतं तेही बघितलं, बेळगावातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, शेजारच्या खोलीतल्या पडद्यावर. आठ वर्षांचा मुलगा, दमला की डोळा बाहेर जायचा, उन्हात एक डोळा मिटायचा. डोळा बाहेर काढून ठेवतात अशी समजूत अजून आहे. डोळा जागचा हलतही नाही. पापण्या चिमट्यानं उघड्या, पांढऱ्या भागावरच्या पातळ पापुद्र्याला छेद, आणि आकड्यानं उचललेला स्नायू, लालसर फितीएवढा. बैलाचा कासरा ढिला सोडावा तसा तो कापून काही मिलिमीटर मागं शिवतात. तिथलं डोळ्याचं कवच जेमतेम 0.3 मिलिमीटर जाड आहे आणि सुई त्याच्या आरपार जाता कामा नये. स्नायू ओढला तसा भूल देणाऱ्या डॉक्टरांनी आवाज दिला, ठोके 60 च्या खाली आले होते. आकडा सैल सोडला, ठोके चढले, पुन्हा काम सुरू. डोळ्याचा आणि हृदयाचा हा संबंध ठाऊक नसणाऱ्याला तो क्षण जड जातो. 1839 मध्ये बर्लिनमध्ये डीफेनबाखनं सात वर्षांच्या मुलावर हे पहिलं ऑपरेशन केलं तेव्हा ईथरची भूलही यायची होती. ते पोर कसं बसलं असेल!

मोठ्या माणसाला कोणी धाडावं लागत नाही, तो स्वतः धावत येतो. वडगावचे एक यंत्रमागवाले मामा भिंत धरूनच आत आले. "तुटलेला धागा सांधायला गेलो तर दोन-दोन दिसूलालेत. कुठला खरा?" डावा डोळा बाहेरच्या बाजूला फिरतच नव्हता. एक डोळा झाकला की सगळं ठीक. मेंदू पिकलेला, आता तो कुठलंच चित्र बंद करत नाही. बाईंनी डोळ्यांआधी साखर आणि रक्तदाब विचारला. डोकं दुखतं का, पापणी पडते का, गिळायला त्रास होतो का? साखर 300 च्या वर निघाली. मधुमेहात डोळा बाहेर नेणाऱ्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो आणि साखर ताब्यात आली की बहुतेकांची नस तीनेक महिन्यांत सुधारते. सहा महिने वाट बघायची, मगच ऑपरेशनचं बोलायचं. तोवर काचेवर लोलकाचा पातळ स्टिकर. "पण माग चालू असताना धाग्याला हात घालायचा नाही मामा. बंद करून."

शेवटच्या पेशंट शाळेतल्या बाई, तिशीच्या पुढच्या. डाव्या डोळ्याचा लहानपणीचा तिरळेपणा तसाच राहिलेला. त्यांचं दुखणं आरशातलं नव्हतं. "मी एकाला उभं राहा म्हणते आणि शेजारचा उठतो. मग वर्ग हसतो." इतक्या उशिरा काही होत नाही असं त्यांना तीन ठिकाणी ऐकवलं होतं, आणि विमा कंपनीनं हा शोभेचा खर्च ठरवून अर्ज परत पाठवला होता. डोळा सरळ करायला वय आडवं येत नाही. आडवं येतं ते नजर वाढवायला, आणि डॉक्टरबाईंनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं: डाव्याचं दिसणं आहे तेवढंच राहील. लोलक लावून दोन-दोन दिसतं का ते तपासलं, दिसलं नाही. विम्याच्या फेरअर्जासाठी पत्र लिहून दिलं.

"दसऱ्याच्या सुट्टीत जमंल काय?"

"आठवडाभर लाल राहील डोळा."

"राहू दे की. सुट्टी मोठी हाय."