वर्धा जिल्ह्यांतील जुने रुपये व नव्या संग्राहकाचें पहिलें काम

जुनीं दप्तरें चाळतांना नागपुरी, चांदवडी, अंकुशी, मलकापुरी अशीं रुपयांचीं नांवें पदोपदीं आढळतात. वाचक तीं वाचून पुढें जातो. परंतु तो रुपया हातांत घेऊन पाहिलेला असल्यास कर्जरोख्यांतील बट्ट्याचा अर्थ चटकन उलगडतो. म्हणून हस्तलिखितांच्या संग्राहकानें नाण्यांकडेहि लक्ष द्यावें, असें आम्हांस वाटतें. वर्धेकडील नव्या संग्राहकानें आरंभ कोठून करावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

या भागांत दोन मालिका आरंभास योग्य आहेत. पहिली नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांची. हा रुपया नवशिक्यास हमखास फसवितो; कारण त्यावर भोसल्यांचें नांव नसून दिल्लीपति अहमदशाह बहादुर याचें नांव फारशींत असतें. अहमदशाह इ. स. १७४८ त तख्तावर आला व १७५४ त पदच्युत झाला. नाणें मात्र त्याच्याच नांवानें पुढें कित्येक वर्षें पडत राहिलें. तेव्हां नाण्यावरील बादशहाच्या नांवावरून नाण्याचा काल ठरवूं नये. शिवाय ठसा मोठा व चकती लहान असल्यामुळें एका रुपयावर सर्व अक्षरें क्वचितच उमटतात. पांचसहा नग शेजारीं मांडून लेख जुळवावा लागतो. तुटक पानांवरून पोथी लावण्यासारखेंच हें काम आहे. इ. स. १८५४ त नागपूरचें राज्य खालसा झालें.

दुसरी मालिका इंग्रजी अमलांतील रुपयांची. इ. स. १८३५ च्या कायद्यानें कंपनीचा १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा वजनाचा रुपया सर्वत्र एक झाला. त्यांत शुद्ध रुपें १६५ ग्रेन. प्रथम चवथ्या विल्यमचें मुख, १८४० पासून व्हिक्टोरियाचें, व १८६२ पासून कंपनीचें नांव जाऊन राणीचा रुपया. याच १८६२ त नागपूर जिल्ह्यांतून वर्धा जिल्हा वेगळा काढण्यांत आला. अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१ ते १८६५) विलायतेंत कापसाची टंचाई पडून हिंगणघाटासारख्या पेठांतील मालास मोठा भाव आला, तो याच सुमारास. आणखी एक खुबी अशी कीं १८६२ हेंच साल पुढें बारा वर्षें छापलें जात होतें. खरें साल १८७४ पासून येऊं लागलें. मधल्या काळांतील मुंबईच्या रुपयांवर जे बारीक ठिपके दिसतात ते वर्षदर्शक असावेत, असें अभ्यासकांचें मत आहे. त्यासाठीं भिंग हवें. १८७७ पासून राणीच्या जागीं सम्राज्ञी हें पद येतें.

आतां मुख्य गोष्ट. संग्राहकानें पहिली खरेदी नाण्याची न करतां वहीची करावी. प्रत्येक नग कोणत्या गांवीं, कोणत्या स्थितींत व कोणत्या नाण्यांबरोबर मिळाला, त्याचें वजन किती, कडी लावलेली होती कीं काय, हें त्याच दिवशीं टिपावें. माळेंतून निघालेला भोंक पडलेला रुपया बाजारांत कमी किंमतीचा. पण तो अंगावर वागविला जात होता ही माहितीहि इतिहासच आहे. एकत्र सांपडलेलीं नाणीं फोडूं नयेत. १९३९ त वऱ्हाडांत तऱ्हाळे येथें सातवाहनांच्या नाण्यांचा दीड हजारांहून मोठा सांठा मिळाला. तीं नाणीं रुप्याचीं नव्हेत, मिश्र धातूचीं; तथापि महामहोपाध्याय मिराशी यांनीं त्यांचें वाचन प्रसिद्ध केल्यानें पुराणांच्या यादींत न आढळणारीं राजनामेंहि उजेडांत आलीं. तीच नाणीं दहा घरीं विखुरतीं तर हें साधलें नसतें.

दुसरा नियम, नाणें घांसूं नये. आम्हीं स्वतः आमचा पहिला नागपुरी रुपया चिंचेनें उजळला. रुपें चमकलें, पण अक्षरांच्या कडा बोथट झाल्या. त्याची भरपाई आतां होणें नाहीं.

जमिनींत सांपडलेलें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें पुरलेलें धन १८७८ च्या कायद्यान्वयें कलेक्टरास कळवावें लागतें, आणि शंभर वर्षांवरील नाणीं परदेशीं नेण्यास १९७२ च्या कायद्याची बंदी आहे, हें नव्या संग्राहकानें आरंभींच ध्यानांत ठेवावें.

रुप्याचा भाव चढला कीं जुने रुपये सोनाराच्या मुशींत जातात. ते सर्व विकत घेणें कोणासहि शक्य नाहीं; पण मुशींत पडण्यापूर्वीं वजन घेणें, दोन्ही बाजूंचें छायाचित्र काढणें व गांवाचें नांव लिहून ठेवणें यास फारसा खर्च नाहीं. आर्वी, देवळी, हिंगणघाट या बाजूच्या संग्राहकांनीं एवढें जरी केलें तरी नाणें गेलें तरी त्याची साक्ष मागें राहील.