आराकावाबाईंचं हसतं-रडतं दशक

हिरोमु आराकावा यांची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मांगा 2001 च्या जुलैत ‘शोनेन गांगान’ मासिकात सुरू झाली, म्हणजे 2026 च्या जुलैत तिला 25 वर्षं होतात. आजची कॉलेजातली मुलं तिच्यावरची अ‍ॅनिमे मालिका आवडीने बघायला घेतात, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांना जुनेजाणते चाहते जो सल्ला देतात, तो ऐकून जीव जळतो. मधला विनोद तेवढा सहन करा, बाकी मालिका अप्रतिम आहे, असं ते सांगतात. विनोद म्हणजे जणू भातातले खडे! या मालिकेत माणसं मरतात तेव्हा आपल्याला जे होतं, ते त्याच विनोदामुळे होतं. हे मी वीस वर्षं सांगत आलो आहे, आणि आता ते नीट लिहूनच ठेवायला हवं.

नव्वदच्या दशकावर फार थांबत नाही. ‘स्लेयर्स’ ही अ‍ॅनिमे मालिका 1995 मध्ये आली, ती हसवायला. ‘बर्सर्क’ 1997 मध्ये आली, ती काळीज चिरायला. दोन्ही आपापल्या जागी ठीक होत्या, पण हसू आणि रडू यांनी वेगवेगळ्या घरांत राहायचं, हा नियम दोघींनी पाळला. तो मोडला आराकावाबाईंनी.

बाई होक्काइदोच्या तोकाची भागातल्या. घरचा गोठा, दूधदुभतं. शाळा संपल्यावर काही वर्षं त्या घरच्या शेतावरच राबल्या आणि 1999 मध्ये तोक्योला आल्या. स्वतःचं चित्र काढायचं झालं की चष्मा लावलेली गाय काढतात. ज्या घरात वासराचा जन्म आणि गाईचं मरण एकाच आठवड्यात बघावं लागतं, तिथल्या माणसाला हसण्यारडण्याच्या चुली वेगळ्या मांडणं जमत नसावं. त्यांच्या मांगाच्या पुस्तकांत शेवटी गमतीची चित्रं असायची, आणि त्या खंडात जे मेले ते तिथे तरंगत स्वर्गाकडे निघालेले दिसायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी दचकलो होतो. त्यात टिंगल नव्हती. आपण निर्माण केलेल्या माणसाला बाई हात हलवून निरोप देत होत्या.

यातला मेस ह्यूज घ्या. हा लष्करातला चौकशी अधिकारी, आणि मित्र रॉय मस्टँगला लष्कराच्या तारेवरून फोन करतो तो बहुतेक वेळा एलिसिया या आपल्या लहानग्या मुलीचं कौतुक सांगायला. समोर कोण बसलंय, काय चाललंय, याचं त्याला भान नसतं. खिशातून बायको-मुलीचे फोटो निघतात, मस्टँग वैतागतो, आपण हसतो. असं चार-पाच वेळा झालं की फोन दिसला की आपण आधीच हसू लागतो. मग एके रात्री ह्यूजला लष्कराच्या पोटातलं भयानक कारस्थान कळतं. तो जखमी अवस्थेत फोनपाशी येतो आणि थांबतो, कारण आतली तार आता सुरक्षित राहिलेली नाही. तो बाहेर पडून सार्वजनिक बूथवर जातो. तिथे रूप पालटणारा एन्व्ही त्याला गाठतो आणि ऐन क्षणी ग्रेसियाचा चेहरा धारण करतो. ज्या बायकोचे फोटो ह्यूज जगाला दाखवत हिंडायचा, तिच्यावर त्याचा हात उचलला जात नाही. तिकडे मस्टँगच्या हातात रिसीव्हर आहे, आणि मुलीचं कौतुक सांगायला कुणी नाही. पुढे दफनविधीत एलिसिया विचारते की बाबांना का पुरताय, त्यांना तर खूप कामं आहेत. विनोदात वापरलेली एकेक वस्तू, फोन, फोटो, मुलगी, इथे पुन्हा येते. भरताने शृंगारातून हास्य आणि रौद्रातून करुण सांगितला. हास्यातून थेट करुणाकडे जाणारी वाट या शेतकऱ्याच्या मुलीने आखली.

या वाटेला वेळ लागतो. 2003 च्या ऑक्टोबरात बोन्स स्टुडिओने सेइजी मिझुशिमा यांच्या दिग्दर्शनाखाली पहिली मालिका आणली, 51 भागांची. तिच्यात एलिसियाचा जन्म सहाव्या भागात होतो, एडवर्ड आणि अल्फॉन्स हे मालिकेचे नायक एल्रिक भाऊ ह्यूजच्या घरात असताना, एडवर्डच्या वाढदिवशी. ह्यूज जातो तो पंचविसाव्या भागात. जपानातल्या प्रेक्षकाने या माणसाला जवळजवळ पाच महिने दर आठवड्याला घरात घेतलं होतं. आपल्याकडे अ‍ॅनिमॅक्स वाहिनी 2004 मध्ये आली, आणि आमच्यासारख्यांनीही ही मालिका अशीच वाट बघत, थोडी थोडी पाहिली. 2017 मध्ये ती वाहिनी टीव्हीवरून गेली, तेव्हा आठवडाभर वाट बघण्याची ती सवयही गेली. पण या पहिल्या मालिकेबद्दल माझी एक तक्रार आहे. तेव्हा मांगा अर्धीच झाली होती, म्हणून मालिकेने स्वतःची वेगळी वाट धरली, आणि उत्तरार्धात हसायचं जवळजवळ सोडून दिलं. शेवटाकडे सगळं इतकं अंधारून येतं की कुणी मेलं तरी फरक जाणवत नाही.

2009 च्या एप्रिलमध्ये बोन्सनेच ‘ब्रदरहूड’ आणली, यासुहिरो इरिए यांच्या दिग्दर्शनात, 64 भाग, मांगाला धरून. विनोद परत आला, पण सुरुवातीला वेळ नव्हता. पहिल्या मालिकेत येऊन गेलेलं सगळं इथे भराभर उरकलं आणि ह्यूज दहाव्या भागातच गेला. दोनच महिन्यांची ओळख. दोन्हीकडे त्याचा आवाज केइजी फुजिवारा यांचाच होता, म्हणून तो प्रसंग निभावला. 2020 मध्ये फुजिवारा गेले, त्या दिवशी मी दोन्ही भाग लागोपाठ पाहिले, आणि पंचविसावाच जास्त जिव्हारी लागला.

पण ‘ब्रदरहूड’च्या वेड्यावाकड्या चेहऱ्यांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं भांडण आहे आणि राहील. इझुमी कर्टिस घ्या. ही भावांची गुरू. कुणी विचारलं की ठणकावून सांगते, मी साधी गृहिणी, आणि दणकट पुरुषाला लोळवते. मग भळकन रक्त ओकते. आपण हसतो, कारण ते हसण्यासाठीच काढलंय. पुढे कळतं की तिचं मूल मेलेलं जन्मलं होतं, त्याला परत आणायला तिने निषिद्ध किमया केली आणि त्याची किंमत तिच्या पोटातल्या अवयवांनी मोजली. एडवर्डला कुणी बुटका म्हटलं की तो थयथयाट करतो, हा मालिकेतला सगळ्यात जुना विनोद. पुढे त्यालाच शंका येते की किमयेत हरवून पलीकडच्या जगात अडकलेल्या भावाच्या शरीराला आपलंच शरीर पोसत असावं, म्हणून आपली उंची वाढत नसेल. आता सांगा, यातला कुठला विनोद कापायचा? कापलात तर दुःखाला मुळं उरतात का?

शेवटाला तर बाईंनी उलटा फासा टाकला. काही मिळवायचं तर तेवढंच द्यावं लागतं, या नियमाने मालिकाभर माणसांचे हातपाय, आया, मुलं गिळली. आणि त्याच नियमाच्या भाषेत एडवर्ड रेल्वे फलाटावर आपल्या बालमैत्रिणीला, विन्रीला, लग्नाचं विचारतो, निम्मं आयुष्य माझं घे, निम्मं तुझं दे. ती टक्केवारीची घासाघीस करू लागते आणि तो हसत सुटतो. मांगा 2010 च्या जूनमध्ये संपली, मालिका जुलैच्या चौथ्या तारखेला. त्या महिनाभरात आमचं एक दशक संपलं.

नंतरची वर्षं भराभर उलटतो. दुसऱ्या जगात जाऊन पडलेल्या नायकांची रांग लागली. बहुतेक मालिका बारा-तेरा भागांच्या, एक तर नुसत्या खिदळणाऱ्या, नाहीतर नुसत्या रक्तबंबाळ. याच मांगावर निघालेल्या 2017 च्या जपानी चित्रपटाबद्दल लिहावंसंही वाटत नाही. अपवाद ‘फ्रीरेन’चा, तिचं पहिलं पर्व 2023-24 मधलं, 28 भागांचं. तिच्यातला हिमेल गावोगावी स्वतःचे देखणे पुतळे उभारून घेतो, त्या तोऱ्याला आपण हसतो. मग कळतं की हजारो वर्षं जगणारी फ्रीरेन पुढे एकटी पडू नये म्हणून ते पुतळे आहेत. ही आराकावाबाईंचीच वाट.

सगळ्यात जास्त राग मला निनाच्या प्रकरणाचा येतो. शौ टकर हा बाप किमयागाराचा परवाना टिकवायला आपली चिमुरडी निना आणि तिचा कुत्रा अलेक्झांडर यांचा एकच बोलणारा प्राणी करून टाकतो. इतकं क्रूर काही मुलांच्या मासिकात क्वचितच आलं असेल. आणि आज त्या प्राण्याची चित्रं मोबाइलवर थट्टेसाठी फिरतात. आराकावाबाईंनी हसण्यातून दुःख काढलं, आणि या थट्टेखोरांनी त्या दुःखातून फुकटचं हसू काढलं. आजची मुलं ‘ब्रदरहूड’चा चौथा भाग लावतात तेव्हा निना त्यांना थट्टेतूनच माहीत झालेली असते. टकरच्या दारात अलेक्झांडर एडवर्डच्या अंगावर उडी घेऊन त्याला भुईसपाट करतो आणि निना खिदळते; बाईंनी लिहिलेला खरा विनोद तो, पण त्यावर या मुलांना हसू येत नाही.