तिथी, भरती आणि बाटलीभर पाणी

कोपर स्टेशन दुमजली आहे. खाली कल्याणकडच्या लोकलची धावपळ, वर दिवा-वसई मार्गाचा फलाट. वरच्या फलाटावरून गाडी वसईकडे निघाली की इमारती मागे पडतात, तिवरं दिसू लागतात आणि मग उल्हास नदीची खाडी येते. ओहोटी असेल तर डब्यातले निम्मे हात नाकावर जातात. मीही कित्येक वर्षं तेच करत आलो. तो वास ही एक मोजणी आहे आणि ती माझं नाक फुकटात करून देतंय, हे मला फार उशिरा कळलं.

ते कळलं ते ट्राउट माशामुळे. म्हटलं तर हा मासा आपला नाही. इंग्रजांनी तो काश्मीरच्या ओढ्यांत आणि निलगिरीच्या थंडीत आणून सोडला. कोकणच्या उकाड्यात तो टिकणं शक्यच नाही. अमेरिकेत मात्र गळ टाकणाऱ्यांचा ट्राउटवर भारी जीव. १९५९ साली मिशिगन राज्यातल्या ऑ सेबल नदीकाठी अशाच गळवाल्यांनी ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संघटना काढली. मासा हवा तर आधी ओढा राखायला हवा, एवढा साधा हिशेब. आज तिकडे निवृत्त शिक्षक, शाळकरी मुलं, दुकानदार असे कुणीही ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी ओढ्यात उतरतात, थर्मामीटर बुडवतात, बाटली भरतात, दगड उलटे करून बघतात आणि वहीत लिहितात. पगार नाही, हुकूम नाही.

दगड उलटे करायचे ते किड्यांसाठी. वाहत्या स्वच्छ पाण्यातल्या दगडाच्या पोटाला एक अख्खी वसाहत चिकटलेली असते. त्यात मेफ्लायची पिल्लं असतात. बहुतेकांना तीन शेपट्या, आणि पोटाच्या दोन्ही कडांना पानांसारखे कल्ले, सतत फडफडणारे. दोन शेपट्यांची स्टोनफ्लाय असते. कॅडिसची अळी तर गवंडीच: तोंडातून रेशीम काढायचं, वाळूचा एकेक कण जोडायचा आणि आपल्या मापाची नळी बांधून तिच्यात राहायचं. या मंडळींना प्राणवायू भरपूर लागतो. पाणी बिघडलं की स्टोनफ्लाय सगळ्यात आधी मुक्काम हलवते. उलट तळाच्या गाळातल्या लालबुंद अळ्या घाणीतही सुखात असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तातल्यासारखं हिमोग्लोबिन असतं आणि उरलासुरला प्राणवायू ते पकडून ठेवतं. ब्रिटनमध्ये यावरून गुणपद्धत बसवली गेली: नाजूक स्टोनफ्लायला १०, लाल अळ्यांना २, गांडूळवर्गाला १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही ती इथल्या नद्यांसाठी बदलून घेतली. यंत्र सांगतं ते या क्षणाचं पाणी. किड्यांची हजेरी गेल्या काही महिन्यांचं पाणी सांगते.

असा दगड उलटायचा तर कोपरहून कर्जत लोकल पकडून वर जावं लागतं. उल्हास उगम पावते राजमाचीच्या डोंगरात. उन्हाळ्यातही तिला पाणी असतं, त्यामागे एक गंमत आहे. मावळात ठोकरवाडीला आंध्रा नदीवर धरण आहे. ही नदी इंद्रायणीला मिळते, इंद्रायणी भीमेला, भीमा कृष्णेला. म्हणजे पाणी निघालेलं असतं बंगालच्या उपसागराकडे. १९२२ पासून टाटांचं भिवपुरीचं वीजघर त्यातलं बरंचसं घाटाखाली उतरवतं, त्यावर वीज करतं आणि उल्हासच्या खोऱ्यात सोडतं. पूर्वेला निघालेलं पाणी असं पश्चिमेला येतं. पुढे बदलापूर, मोहिली, मोहने इथे ते उचललं जातं आणि आपल्या नळाला येतं.

कर्जतच्या बाजूला नदीत दगड आहेत. कोपरला दगडच नाहीत, आहे तो गुडघाभर काळा चिखल. शिवाय समुद्राचं खारं पाणी आत येतं, त्यामुळे पाणी कितीही निर्मळ असलं तरी स्टोनफ्लाय इथे राहायची नाही. किड्यांची गुणपत्रिका इथे रद्द. चिखलावर निवटे उड्या मारताना दिसतात म्हणून हुरळून जाण्यातही अर्थ नाही. निवटा ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, पाण्यातल्या प्राणवायूवर तो फारसा अवलंबून नाही.

मग वाचायचं काय? बाटली.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू दिसत नाही. लायोश विंकलर नावाच्या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ साली त्याला रंग चढवायची युक्ती काढली आणि ती आजही चालते. तीनशे मिलिलिटरची, काचेच्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची. बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर आपण वरची हवाच मोजू. तिच्यात आधी मँगनीज सल्फेट, मग क्षारयुक्त आयोडाइड घालायचं. बूच लावून बाटली उलटीसुलटी केली की आत तपकिरी ढग उठतो आणि साक्यासारखा सावकाश खाली बसतो. हा मँगनीजने पकडलेला प्राणवायू. आता त्यात आम्ल घाला. ढग विरघळतो आणि पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. हा रंग आयोडीनचा, आणि जेवढा प्राणवायू होता त्याच प्रमाणात आयोडीन. यातलं दोनशे मिलिलिटर पाणी मोजून घ्यायचं आणि थेंबाथेंबाने हायपो सोडायचा, जुने फोटोग्राफर वापरत तोच. रंग वाळल्या गवतासारखा फिका झाला की कांजीचे, म्हणजे स्टार्चचे, दोन थेंब. झटकन गर्द निळं! आणखी हायपो, एकेक थेंब, आणि कुठल्यातरी एका थेंबाला निळा रंग पुसल्यासारखा जातो. हायपो योग्य ताकदीचा असेल तर जितके मिलिलिटर खर्ची पडला, लिटरमागे तितके मिलिग्रॅम प्राणवायू. गुणाकार-भागाकार काही नाही. तो शेवटचा थेंब मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हात थरथरला होता, हे कबूल करतो. (या रसायनांपैकी एक-दोन विषारी आहेत. हातमोजे हवेत आणि झालेलं पाणी खाडीत ओतायचं नाही.)

आकडा आला, आता तो वाचायचा कसा? थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो. १० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ११.३ मिलिग्रॅमपर्यंत, ३० अंशांना जेमतेम ७.५. ट्राउटला थंडी हवी ती म्हणूनच. आपलं कोमट पाणी मुळातच कमी धरतं, खारं झालं की आणखी थोडं कमी. अंघोळीच्या पाण्यात निदान ५ आणि मासे जगवायला निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असावा, असं केंद्रीय मंडळाचं वर्गीकरण सांगतं. म्हणजे आपल्याकडे मुळात वाव थोडा, त्यात शहराचं सांडपाणी.

मी पहिल्यांदा बाटली घेऊन खाडीकाठी गेलो तेव्हा जाळं विसळत बसलेल्या एका काकांनी वही बघायला मागितली. तारीख, वेळ, तापमान, सगळं नीट लिहिलेलं. त्यांनी एकच विचारलं, “पाणी चढतंय का उतरतंय, ते लिवलंस का?”

नव्हतं लिहिलं. आणि तेच नसेल तर बाकीच्या रकान्यांना काही अर्थ नव्हता. मिशिगनचा ओढा एकाच दिशेने वाहतो. कोपरचं पाणी दिवसातून दोनदा खाली जातं आणि दोनदा परत येतं. ओहोटीत दिसतं ते वरच्या शहरांनी सोडलेलं, भरतीत त्यात समुद्राचं पाणी मिसळतं. एकाच जागी, एकाच दिवशी भरलेल्या दोन बाटल्या दोन वेगळ्या नद्यांच्या वाटाव्यात, इतका फरक पडू शकतो. सकाळी नाल्यातून गेलेली घाण खाडीतून नाहीशी झाली असं आपल्याला वाटतं. तिच्यातली बरीचशी संध्याकाळी भरतीबरोबर परत दाराशी आलेली असते.

भरतीची वेळ कशी काढायची? काकांनी मोबाइलला हात लावला नाही. तिथी विचारली. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, येईल तो पूर्ण भरतीचा ठोका. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, त्याचं हे पाठ करून ठेवलेलं गणित. हा ठोका समुद्रकिनाऱ्याचा, खाडीत आत येता येता पाण्याला उशीर होतो. तो किती, हे काकांना हाताच्या अंदाजाने माहीत. माझ्या वहीत त्या दिवसापासून तिथीचा रकाना आहे.

सुरुवातीला ओहोटीच्या वासाला मोजणी म्हटलं, ते यासाठी. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. गाळातला प्राणवायू संपला की काही जिवाणू त्या सल्फेटवर गुजराण करतात आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. चिखल काळा होतो तो याच गंधकाची लोखंडाशी गाठ पडून. चांदीची जोडवी काळवंडतात तीही गंधकानेच.

आता कुणी म्हणेल, सरकारी मंडळ आहे की मोजायला. आहे, त्यांची प्रयोगशाळा माझ्या रसायनांच्या खोक्यापेक्षा कितीतरी पटींनी अचूक आहे. पण तो नमुना महिन्यातल्या एका दिवसाचा, दिवसातल्या एका घटकेचा. नदीचं वाईट मात्र पुष्कळदा रात्री होतं. अंबरनाथच्या शके ९८२ मधल्या शिवमंदिराला वळसा घालून येणाऱ्या वालधुनी नदीत नोव्हेंबर २०१४ मध्ये टँकरने रसायन ओतलं गेलं. उल्हासनगरात वायू पसरून शेकडो लोकांना त्रास झाला, रुग्णालयं भरली. ‘वनशक्ती’ संस्थेने उल्हास आणि वालधुनीचं गाऱ्हाणं राष्ट्रीय हरित लवादापुढे नेलं आणि २०१५ मध्ये लवादाने कोट्यवधी रुपये भरायचा आदेश दिला. पुण्यात ‘जीवितनदी’चे लोक मुठा नदीचा एकेक तुकडा दत्तक घेतल्यासारखा सांभाळतात. काठावर रोज वावरणाऱ्या माणसाची खडान्‌खडा नोंद अशा वेळी उपयोगी पडते, पण त्या नोंदीत घटका आणि पाण्याची दिशा हवी.

एक मोजणी राहिली, बीओडी. पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती प्राणवायू फस्त करतात, ते बघायचं. बाटली भरून अंधारात ठेवायची आणि काही दिवसांनी उरलेला प्राणवायू मोजायचा. ब्रिटनच्या सांडपाणी आयोगाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाच दिवस ठरवले. का, तर म्हणे तिथल्या नद्यांचं पाणी समुद्राला पोचायला त्याहून जास्त वेळ घेत नाही. जगभर तेच पाच दिवस चालू राहिले. आपल्याकडे ऊब जास्त, जिवाणूंची भूकही जास्त. म्हणून भारतीय मानकाने २७ अंश सेल्सिअस आणि तीन दिवस असं ठरवलं. कोपरच्या पाण्याला तर समुद्राला पोचायचीही घाई नाही, ते येऊनजाऊन असतं.

मीही ओहोटीची एक बाटली घरातल्या कपाटात ठेवली होती, जुन्या चादरीत गुंडाळून. कपाट म्हणजे काही प्रयोगशाळा नव्हे, अंदाज ढोबळच. तिसऱ्या दिवशी बूच काढून मँगनीज घातलं, आयोडाइड घातलं, बाटली उलटीसुलटी केली. ढग उठला तो तपकिरी नव्हता, दह्यासारखा पांढरा शुभ्र होता. पांढरा म्हणजे शून्य, आत पकडायला प्राणवायूच उरलेला नाही. अशा वेळी खाडीच्या एका भागात स्वच्छ पाण्याचे दहा-वीस भाग मिसळून सगळं पुन्हा पहिल्यापासून करायचं असतं. वहीत लिहिलं: षष्ठी, उतरतं पाणी, ढग पांढरा. मग दुसरी बाटली धुवायला घेतली.