आजोबांचं शुऐबा

कोकणातल्या कितीतरी घरांत एखादे ‘कुवेतवाले आजोबा’ असतातच. कुणी फिटर, कुणी वेल्डर. त्यांनी शुऐबाचं नाव काढलं तर नीट ऐका! कुवेत शहराच्या दक्षिणेला, समुद्राकाठी १९६०च्या दशकात वसवलेलं हे औद्योगिक क्षेत्र. इथली रिफायनरी १९६८ साली सुरू झाली, २०१७मध्ये बंद झाली. जड तेलातलं गंधक हायड्रोजन वापरून काढायची तिची पद्धत त्या काळी नवलाची होती. म्हणजे पाइपांत प्रचंड दाब आणि उष्णता, वर पन्नाशीला टेकणारा पारा. आता जून ते ऑगस्ट सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर कामाला बंदी आहे. जुन्या पिढीला कुठली असली चैन! १९९०च्या इराकी आक्रमणानंतर लाखाहून जास्त भारतीय जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानाने परतले. घरात जुना पासपोर्ट असेल तर जॉर्डनचा शिक्का शोधा.